साडेदहाचं फाटक

तिसरा नट हलत नव्हता. चंपतने पान्यावर पाय ठेवला, ट्रॉलीचा कठडा धरला आणि अंगाचा सगळा भार टाकला. पाना सटकला. नडगी सोलली.

"काका, दहाले पंधरा कमी हायेत," सायली ओरडली.

"माहीत हाय, माय."

मंगरूळपीर आठ किलोमीटरवर असताना ट्रॉलीचं चाक पंक्चर होऊन बसलं होतं. सहा पोरी बाभळीखाली उभ्या. आज दहावीचा विज्ञानाचा पेपर. साडेदहाला केंद्राचं फाटक बंद होणार, मग देव आला तरी उघडणार नाही. रोजच्या जीपवाल्याला लग्नाचं भाडं मिळालं. पोरींना निरोप द्यायचीही त्याने तसदी घेतली नाही. सहा पोरींचं वर्ष गेलं तर त्याच्या बापाचं काय जातं?

सकाळी पोरी फाट्यावर रडकुंडीला आल्या होत्या. चंपतही तिथेच उभा होता. तो पळत गेला आणि ट्रॉली जोडलेला मालकाचा ट्रॅक्टर घेऊन आला. विचारायला थांबला नाही. मालक उकंडराव दर दोन वर्षांनी कारला नवे टायर टाकतो. ट्रॉलीचे टायर हाताला तव्यासारखे गुळगुळीत लागतात. ट्रॉलीत तो स्वतः थोडाच बसतो!

दोन कार गेल्या. काचा वर. हात केला तर हॉर्न वाजवून गेल्या.

"काका, आज पांढरा शर्ट?" प्रियदर्शनी म्हणाली. भीती घालवायला ती कायम काहीतरी बोलायची. "कुठी पाहुणपण हाय काय?"

"हाय थोडंसं काम."

"आता त्याले काळाच म्हणा लागते."

पोरी हसल्या. चंपतने पान्याच्या दांडीत पाईपचा तुकडा चढवला आणि पुन्हा जोर लावला. चाळीस पार केलेलं शरीर. कमरेत कळ आली. नट करकरला, हलला.

मोटरसायकल थांबली. गावातलाच गजेंद्र होता.

"चंपतदादा, बस मांगं. मंगरूळातून मेकॅनिक घेऊन येऊ."

चंपत उभा राहिला. मोटरसायकलच्या रिकाम्या सीटकडे त्याने जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पोरींकडे पाहिलं.

"मेकॅनिक येईस्तोवर फाटक लागून जाईन. अन् ह्या सहा जणी सोडू काय रस्त्यावर?"

"मंग एखादीले तरी नेतो."

"गेलो त साऱ्याच जाऊ," सायली म्हणाली.

"जा तू, गजेंद्र," चंपत म्हणाला आणि पुन्हा चाकाशी बसला.

जॅक मातीत रुतत होता. पोरींनी चपटा दगड आणून दिला, स्टेपनी ढकलत आणली. एकीकडे घोकणं चालूच.

"पृथ्वीचा मुक्तिवेग किती गं?"

"नऊ पॉइंट आठ."

"ते त्वरण," चाकामागून चंपत बोलला. "मुक्तिवेग अकरा पॉइंट दोन. किलोमीटर, दर सेकंदाले."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मग खिदळल्या. "काका, आमचा पेपर तुमीच द्या ना!"

"अर्ध्या घंट्यापासून तेच घोकून राह्यल्या. बहिऱ्यालेही पाठ होईन. चढा आता."

दहा वाजून सहा मिनिटं. चंपतने ट्रॅक्टर असा पळवला की पोरी कठडे धरून देवाचं नाव घेऊ लागल्या. शाळेसमोर ब्रेक दाबला तेव्हा दहा सव्वीस झाले होते.

"काका, लई उपकार..." सायली मागे वळली.

"पय आधी, फाटक लागते!"

सहाही पोरी आत गेल्या. चंपत उतरणार तोच होमगार्डने काठी आपटली.

"ए, ट्रॅक्टर हटव. शंभर मीटरच्या आत गाडी नको."

"साहेब, दोनच मिनिटं."

"पोरी उतरल्या ना? मंग तुझं काय काम इथं? हटव म्हणतो ना!"

मागे पालकांच्या मोटरसायकली. ट्रॉली उलटी घेणं म्हणजे हट्टी म्हशीला मागे सरकवणं. एकानेही गाडी बाजूला घेतली नाही. चार वेळा मागेपुढे करून चंपतने ट्रॅक्टर काढला, दूर तेलघाण्याजवळ सोडला, आणि पळत आला.

वॉचमन कुलूप लावून किल्ली खिशात टाकत होता.

"उघडा साहेब," चंपत धापा टाकत म्हणाला.

"दहा बत्तीस झाले. आता नाही उघडत."

"उघडा ना. पाया पडतो."

"रडून फायदा नाही, बावा. घरी घेऊन जा तिले. पुढच्या खेपेले बसवा. कोणती पोरगी राह्यली तुमची?"

"पोरगी नाही."

चंपतने गजांमधून चार घड्यांचं हॉल तिकीट आत सरकवलं. वॉचमनने ते उलगडलं, डोळ्यांजवळ धरलं.

फोटो चंपतचा होता.