पंख्यातल्या अक्षता

कॅबिनेटचं झाकण काढलं, तर पंख्यात अडकलेले चार तांदूळ माझ्या तळहातावर पडले. कुंकवानं लाल झालेले. खंडेनवमीला छापखान्याच्या मालकांनी कॉम्प्युटरची पूजा केली होती, त्याच अक्षता. पूजेनंतर पहिल्यांदा सुरू केला त्या सकाळी पंखा फिरलाच नाही आणि मदरबोर्ड तापून जळाला.

"म्हणजे त्या टायपिंगवालीनं टाकलेल्या प्रोग्राममुळे नाही?" मालकांनी हळूच विचारलं.

"नाही. तो टाकला नसता, तरी कॉम्प्युटर त्या सकाळी जळणारच होता."

मालक दाराकडे बघत राहिले. अकरा वर्षं लग्नपत्रिका टाइप करणाऱ्या बाईला त्यांनी सगळ्या कामगारांसमोर हाकललं होतं, टायपिंगचा नवा प्रोग्राम टाकून मशीन मारलं म्हणून.

"माझ्या पूजेनं जळलं, असं आता सगळ्यांना सांगत फिरू?" ते म्हणाले. "प्रोग्राममुळे गेला, असंच लिहून द्या. बाकीची चार मशीनं तुमच्याकडेच असतात ना दुरुस्तीला?"

मी लिहून दिलं. तांदूळ शर्टाच्या खिशात टाकले.

बाहेर पायरीवर ती डबा घेऊन बसली होती. आठवडाभर रोज येऊन बसायची म्हणे. मला बघून उठली.

"दादा, खरं सांगा. प्रोग्राम टाकल्यानं कॉम्प्युटर जळतो का हो?"

"जळतो कधी कधी," मी म्हणालो.

"मग माझंच चुकलं." तिनं चपला काढल्या आणि मालकांची माफी मागायला आत गेली.