धाग्याचं टोक

"पाच वाजता पोराचं इमान उडत येईन आपल्या डोक्यावर," असं जवरीलालनं सकाळीच साऱ्या पेठेत जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळं आता मंगरूळपिरातल्या त्याच्या घराच्या धाब्यावर दहा-बारा शेजारी माना वर करून उभे होते.

जवरीलाल कापडवाला. मोजल्याशिवाय बोलायचा नाही. काल मुंबईहून पोराची तार आली, उद्या तीनच्या विमानानं नागपूरला निघतो म्हणून. अजितकुमार जन्मात पहिल्यांदा उडणार! बापानं शाळेतून नकाशा मागून आणला, मुंबईवर टाचणीनं अडकवून नागपूरपर्यंत धागा ताणला आणि नेमका तिथंच तोडला. चारशे तीस मैल, पावणेतीन घंटे. धाग्यावर दर अर्ध्या घंट्याला सुनेच्या करंड्यातल्या कुंकवाचा एकेक ठिपका. चौथा ठिपका बरोबर मंगरूळपिरावर आला, तेव्हा गडी काय खूश झाला म्हणता!

त्याच्या बायकोनं, अंगुरीबाईनं मात्र सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. पोराचं विमान डोळ्यांनी पाहिल्यावरच पाणी, असा तिचा नेम. आणि दिवस बुडाल्यावर त्या जैन घरात कुणीच पाणी पीत नसे. सून कस्तुराबाई भरला तांब्या घेऊन तिच्यापाशी उभी होती.

पाच वाजले. सव्वापाच झाले. आभाळात एक घार तेवढी फिरत होती.

"आलं नाही जी अजून," अंगुरीबाई म्हणाली.

"वारा सामोर असंन." जवरीलाल धाब्यावर पसरलेल्या नकाशावर वाकला. त्यानं धागा जरा सैल सोडला, थोडा वळवला आणि पाचवा ठिपका मंगरूळपिरावर आणला. "आडवाटेनं येऊन राह्यलं. साडेपाचले पाह्य तू."

शेजाऱ्यांना एकाएकी घरची कामं आठवली. एकेक जण जिना उतरला.

कस्तुराबाई सासऱ्याशी कधी बोलत नसे. पदराआडून ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, धागा ढिला झाला. मामाजीले म्हना, तानून धरा."

"तुले काय समजते त्यातलं?" जवरीलाल खेकसला. सुनेवर तो आजवर एकदाही ओरडला नव्हता.

साडेपाचही झाले. सूर्य दर्ग्याच्या घुमटामागं उतरला. जवरीलालला बायकोकडं पाहवेना.

"पेऊन घे वं पानी. दिवस बुडून राह्यला. मंग उद्या दिवस निंगेपर्यंत घोट नाही भेटनार तुले."

"माहा पोरगा आभायात हाय, अन् मी कायले पानी पेऊ?"

जवरीलाल पुन्हा नकाशावर वाकला. धाग्याला त्यानं आणखी एक वळण दिलं आणि अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं.

दिवस बुडाला. अंगुरीबाईनं सुनेच्या हातातला तांब्या घेतला, त्यावर झाकण ठेवलं आणि तो खाली ठेवला.

कस्तुराबाईनं वाकून पाहिलं. मामाजींच्या अंगठ्याखाली, मंगरूळपिरावर, धाग्याचं टोक आलं होतं. पुढं नागपूरपर्यंत नुसता कागद होता.