सहावा वेल

वहिनींनी दोडक्याच्या सहाही वेलांना काठ्या रोवून दिल्या होत्या. आज सकाळी सहावी काठी गायब होती, पण तो वेल मात्र ताठ उभा होता, माणसाएवढा उंच.

“भाऊजी, काठी तुम्हीच काढलीत ना?” त्यांनी पायरीवर बसलेल्या दिराला विचारलं. बागेच्या जागेवरून दोघांत धुसफूस होतीच.

“मी कशाला हात लावू? खरंच नाही, वहिनी.”

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी जवळ जाऊन पानं बाजूला केली. वेलानं कशाला तरी घट्ट विळखा घातला होता, पण आत नुसती पोकळी होती. त्यांनी तिथं हात घातला. बोटांना ऊब लागली.

“वहिनी, मागं या,” दीर हळूच म्हणाला.

वारा अजिबात नव्हता. उभं राहून दमलेल्या माणसानं भार दुसऱ्या पायावर घ्यावा, तसा तो वेल सावकाश कलला.