पहिली दुरुस्ती

‘मागे’ हे बटण दाबलं की यादी पुन्हा पहिल्या पुस्तकावर उडी मारत होती. तुम्ही चारशेवं पुस्तक बघत असाल, तरी थेट पहिल्यावर.

तीन दिवस ती त्याच फाइलमध्ये डोकं घालून बसली होती. मुलीसाठी नोकरी सोडल्याला अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिनं कोडची एक ओळ लिहिली नव्हती. छोट्या ग्रंथालयांसाठीचा हा प्रोग्राम ओपन सोर्स होता. कुठकुठली माणसं गट करून फावल्या वेळात तो फुकट लिहायची आणि महिनाअखेरीस तपासलेली नवी प्रत ग्रंथालयांना जायची. तिनं मनाशी ठरवलं होतं: आपली दुरुस्ती मान्य झाली तर नोकरीसाठी अर्ज करायचा, नाही झाली तर तो विषय कायमचा बंद.

गटात खरं नाव कुणी लावत नसे. “मंगळवारपासून येऊ का?” असं तिनं भीत भीत विचारलं, तेव्हा ‘मावशी’ नावाच्या बाईंनी लगेच उत्तर दिलं होतं, “या की!” कुठली फाइल आधी उघडायची तेही त्यांनीच सांगितलं.

“खुळे प्रश्न विचारले तर चालतील ना?”

“आमचे विचारून संपलेत. आता तुमचे येऊ द्या.”

शुक्रवारी दुरुस्ती मान्य झाली. “अगदी अशीच हवी होती,” मावशींनी लिहिलं. गट चालवणाऱ्या ‘आजोबां’नीही पाठ थोपटली. तिला रडूच आलं. धीर सुटायच्या आत तिनं अर्ज पाठवून दिला.

मग मोठ्या बहिणीला फोन लावला. ती ग्रंथपाल होती आणि तिच्या ग्रंथालयात हाच प्रोग्राम चालायचा. “ताई, आता तुमची यादी उडी मारणार नाही हं. मी नीट केलीय.”

“कसली उडी? चार वर्षांत आमची यादी कधी जागची हलली नाही. काय गं, न दुखणाऱ्या दातावर औषध केलंस की काय?”

हसणं बाजूला राहिलं, तिला चैन पडेना. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद प्रोग्राममध्ये असतेच. तिनं ती उघडली. तिच्या दुरुस्तीच्या आधीची नोंद सोमवारची होती. चांगली चालणारी ओळ कुणीतरी काढून टाकली होती, आणि खाली नाव होतं मावशींचं. त्याच्या मागच्या नोंदी वाचायला ती थांबलीच नाही.

इतकी गोड बोलणारी बाई घरभेदी निघावी, याचं तिला फार वाईट वाटलं. पण गप्प बसणं बरं नव्हे. तिनं आजोबांना लिहिलं, “सांगायला जड जातंय, पण ही ओळ मावशींनी जाणूनबुजून मोडली आहे. मी येण्याच्या आदल्याच दिवशी.”

मिनिटभरात उत्तर आलं.

“हो. त्या नव्या आल्या तेव्हा त्यांच्यासाठी मी मोडली होती. उद्या एक निवृत्त मास्तर येताहेत, फार बिचकतात म्हणे. त्यांच्यासाठी आता तुम्ही मोडा.”