आधीचं शिखर

नमुना यंत्रात गेला आणि ऋजुताच्या काळजात धस्स झालं. ड्युटेरियमवालं, म्हणजे जड हायड्रोजनचं, मेदाम्ल घालायला ती विसरली होती! त्या ठरावीक मापाच्या खुणेच्या थेंबाशिवाय रक्तातलं मेदाम्ल मोजणार कशाच्या आधारावर? आणि दोन दिवसांच्या बाळाचं एवढंसं रक्त पुन्हा कोण देणार?

“थेंब टाकलास का गं?” प्रयोगशाळेच्या प्रमुख टिपणीस मॅडम रोज दारातूनच विचारायच्या. त्यांना जाऊन आज महिना झाला होता.

पडद्यावर रेघ सपाट सरपटत होती. एकाएकी ती उसळली. नमुन्याच्या शिखराच्या क्षणभर आधी, रोजच्याच जागी, ड्युटेरियमचं शिखर उभं राहिलं. न टाकलेल्या थेंबाचं! ऋजुताच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

तिनं बाटल्यांचा खोका पुढे ओढला. आजच तो मॅडमच्या कपाटातून काढून त्यातल्याच एका बाटलीत तिनं नमुना भरला होता. झाकणाच्या आत त्यांचं तिरकं अक्षर होतं, ‘ऋजुता, सगळ्या बाटल्यांत थेंब टाकून वाळवून ठेवलाय. तू विसरशील.’ खाली तारीख होती, दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवसाची.

“टाकलाय, मॅडम,” रिकाम्या दाराकडे पाहत ऋजुता म्हणाली.