लोळायचं नाही

लीगच्या मॅचमध्ये बॉल कधीच पुढं गेला होता, तरी डिफेंडरनं दोन्ही पाय उचलून इंद्रजितच्या नडगीवर घातले. इंद्रजित कोसळला. पण कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये वस्तादांनी लहानपणीच बजावलेलं, "मैदानात लोळतंय ते आपलं पोरगं न्हवं." गडी दात-ओठ खात उठला आणि पळायलाच लागला. रेफ्रीनं पिवळ्या कार्डावर भागवलं.

तडकलेलं हाड त्या पळण्यानं पार दुभंगलं. ज्या क्लबकडून तो लीग खेळत होता, त्यानं करार मोडला. इंद्रजितनं दाद मागितली, तर लीगच्या शिस्त समितीचे साहेब व्हिडिओ दाखवत म्हणाले, "अहो, तुम्ही तर नंतर पळताय. त्याच्यावर बंदी कशी घालायची?" किरकोळ दंड भरून डिफेंडर पुढच्याच मॅचला उतरला.

परवा तालमीच्या मॅचला इंद्रजित काठी टेकत आला. एक पोरगं पाय धरून कोसळलं. वस्ताद ओरडले, "ऊठ की लेका." पोरगं उठू लागलं.

इंद्रजितनं काठी उगारली. "पडून ऱ्हा. रेफ्रीला येऊ दे."