अण्णांचा स्कॅन

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी कंधारच्या घरी नेहमीसारखे हसत होते. "खडा लई चिवट हाय गं माय. तुझ्या स्कॅनच्या मशीनलाबी भेत न्हाई."

त्यांच्या डॉक्टर लेकीनं, बुद्धप्रियानं, नुसती मान हलवली. घरात सगळ्यांनी ठरवून अण्णांसमोर त्यांच्या किडनीच्या कॅन्सरला मुतखडाच म्हटलं होतं.

महिन्यानं लातूरला, किडनीच्या गाठींवर संशोधन करताना, तिनं अण्णांचा जुना स्कॅन उघडला. एकच स्थिर चित्र. त्यातली किडनी हळूच खाली सरकली, वर आली. जिवंत माणसाची श्वासागणिक सरकते तशी.

तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. किडनी सरकतच होती.

"अण्णा?"

किडनी खाली जाऊन थांबली. ऐकण्यासाठी कुणी श्वास रोखून धरावा, तशी.

"खडा नव्हता, अण्णा," ती म्हणाली. "कॅन्सर होता. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."